मदत हवी आहे : घरी बांधलेल्या सायकल-बॅटरीला कमी व्होल्टचा चार्जर चालेल का?

इलेक्ट्रिक सायकलसाठी मी १८६५० एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या लिथियम-आयन) सेलची, १३ सिरीज आणि ४ पॅरलल (चार-चार सेलचे तेरा गट एकापुढे एक जोडलेले) अशी बॅटरी बांधली असून तिला पूर्ण चार्ज होण्यास ५४.६ व्होल्ट लागतात. त्या व्होल्टचा चार्जर बंद पडला आहे. हाताशी आहेत ते दोन : एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचा ५८.४ व्होल्टचा आणि दुसरा ५०.४ व्होल्ट, २ अँपिअरचा. पहिल्यातून प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी सुमारे ४.४९ व्होल्ट येतील. बीएमएस (बॅटरीचे रक्षण करणारे सर्किट) वेळेवर चार्जिंग तोडेल एवढ्याच भरवशावर तो जोडणे मला पटत नाही.

दुसऱ्याचे व्होल्टेज आणि पोलॅरिटी मल्टिमीटरने तपासून, अंगणातल्या फरशीवर समोर बसून चार्जिंग केले. सेल तापले नाहीत, मात्र बारा गटांवर ३.८८ आणि एकावर ३.८२ व्होल्ट दिसतात. माझ्या बीएमएसचे बॅलन्सिंग (सगळ्या गटांचे व्होल्टेज सारखे करणे) ४.१८ व्होल्टनंतरच सुरू होते, त्यामुळे या चार्जरवर ते होणारच नाही. अंतर थोडे असल्याने अपुरे चार्जिंग मला चालेल. दुकानदार मात्र ५८.४ च्या चार्जरमधला ट्रिमपॉट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू) फिरवून ५४.६ वर आणण्यास सुचवतो.

नवा चार्जर मिळेपर्यंत ५०.४ वरच चालवल्यास मागे पडलेला गट अति-डिस्चार्ज होण्याचा धोका कितपत आहे, आणि ट्रिमपॉट फिरवलेला चार्जर कायमस्वरूपी भरवशाचा ठरतो का?