वावरातलं दगडी वर्तुळ जेसीबीपासून कसं वाचवायचं?

काटोलरोड: नागपूर जिल्ह्यात एका पडीक वावरात मोठ्या गोट्यांचं वर्तुळ आहे, मधला भाग फुगीर. मालकाला सपाटीकरण करायचंय. सातबाऱ्यावर नोंद नाही. हे महापाषाणकालीन (मोठ्या दगडांच्या कबरी करायच्या त्या प्राचीन काळातलं) दफन आहे हे कसं ओळखायचं? आणि जायचं कुणाकडे?

काळीमाती: आधी कड पाहा. दफनवर्तुळाच्या कडेला मोठे गोटे मुद्दाम गोल लावलेले असतात, आत माती-गोट्यांची भर. वावरातून वेचून टाकलेल्या ढिगाला अशी कड नसते. गोट्यांवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेले असतील तर मोठाच पुरावा; नागपूरजवळच्या जुनापाणीच्या दगडी वर्तुळांत ते आहेत. नसले तरी वर्तुळ बाद करू नका.

व्यास दोन दिशांनी मोजा, गोटे मोजा, पट्टी ठेवून फोटो काढा, जीपीएस आणि गट नंबर लिहा. खळग्यांत खडू भरू नका.

कडेचा एकही गोटा धुऱ्यासाठी (बांधासाठी) उचलू देऊ नका. तिथूनच पावसात आतली भर वाहायला लागते. सगळ्यात वाईट म्हणजे हंड्याच्या आशेने मध्ये खणणं. आत मिळतात मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, मणी. नागपूरजवळच माहुरझरीच्या अशाच वर्तुळांत तांब्याच्या साजासकट घोड्याचे अवशेष निघाले. कोणती वस्तू कुठे, किती खोल होती, यावरच सगळा अभ्यास उभा असतो. एकदा उकरलं की ते परत जुळवता येत नाही.

गटनंबर: जुनं आहे म्हणून आपोआप संरक्षण मिळत नाही, सरकारने ते संरक्षित जाहीर करणारी अधिसूचना लागते. राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला अर्ज द्या. सोबत सातबारा, गाव नकाशा, फोटो, मोजमापं आणि ग्रामसभेचा ठराव. प्रत जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांना, पोच घेऊनच. अधिसूचनेआधी हरकतींसाठी दोन महिने असतात, म्हणून सपाटीकरण थांबवण्याची विनंती तहसीलदारांकडे वेगळी करा. नांगरताना किमती काही वर आलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं 1878 च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे.

काटोलरोड: मालकाला जमीन जाईल अशी भीती आहे.

गटनंबर: संरक्षित झाल्याने मालकी जात नाही. 1958 च्या केंद्रीय कायद्यात संरक्षित क्षेत्रातही एक फुटापेक्षा खोल न खणता शेती करायला मुभा आहे. मात्र केंद्रीय यादीत गेलं तर सभोवती 100 मीटर बांधकामबंदी आणि पुढे 200 मीटर परवानगी लागते, तेही त्यांना आत्ताच सांगा. लपवलंत तर हरकत तेच घेतील.