ईसीजी पाठ करून येत नाही
एकांनी सुचवलंय की पॅरामेडिक शिकणाऱ्या मुलांकडून ईसीजीचे, म्हणजे हृदयाच्या विद्युत आलेखाचे, नमुने पाठ करून घ्यावेत. मला नाही पटत. मी आधी यंत्राने छापलेलं निदान बोटाने झाकायला लावते, मग कागदावरचे मोठे चौकोन मोजायचे: दोन आर-टोकांत (प्रत्येक ठोक्याच्या उंच सुळक्यांत) चार, तर ३०० भागिले ४, म्हणजे मिनिटाला ठोके ७५. आणि पट्टीआधी माणूस! आपल्याकडे मे महिन्यात घामाने इलेक्ट्रोड निसटतात, छाती नीट पुसली नाही तर रेघ नुसती थरथरते. लीड (हृदयाकडे एका कोनातून बघणारी रेघ) एक उलटी नि एव्हीआर ही लीड सुलटी दिसली, तर आधी हातांच्या वायरी बघा. एक गोष्ट मात्र घोकूनच घेते: दोन, तीन, एव्हीएफ या लीडमध्ये एसटी (सुळक्यानंतरचा रेघेचा तुकडा) उचललेला असेल, म्हणजे हृदयाच्या खालच्या भागाच्या झटक्याची खूण असेल, तर छातीच्या उजवीकडची व्ही४आर लीड काढल्याशिवाय नायट्रोग्लिसरीनला (रक्तवाहिन्या सैलावणाऱ्या औषधाला) हात लावायचा नाही; हृदयाचा उजवा कप्पाही सापडला असेल तर त्याने रक्तदाब कोसळू शकतो. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणहून बांबोळीचं मोठं हॉस्पिटल गाठेपर्यंत रुग्ण याच मुलांच्या हाती असतो.