बर्फ पडला म्हणून क्रॉस कंट्री रद्द करायची?

सह्यधाव (मिनेसोटा)

गेल्या आठवड्यात आमच्या भागातली शाळकरी मुलांची एक क्रॉस कंट्री शर्यत (ट्रॅक सोडून माळ-मैदानातून पळायची) आयोजकांनी आदल्या रात्री रद्द केली. कारण एकच दिलं, बर्फ पडला. सकाळी तापमान उणे तीन होतं, वारा अजिबात नव्हता, आणि शर्यत गावातल्या पार्कात होती, जिथे अँब्युलन्स पाच मिनिटांत पोचते. हा निर्णय मला पटलेला नाही, म्हणून धागा काढतोय.

क्रॉस कंट्री हा मुळात हिवाळ्यातला खेळ आहे. लंडनच्या थेम्स रोइंग क्लबच्या मंडळींनी हिवाळ्यात अंग सुटू नये म्हणून रानोमाळ पळायला सुरुवात केली आणि १८६८ मध्ये त्यातून थेम्स हेअर अँड हाउंड्स हा क्लब उभा राहिला. चिखल, ओढे, कुंपणं, पाऊस हे सगळं या खेळाने पहिल्यापासून आपलं मानलंय. मग बर्फच परका का?

थंडीने या खेळाचं कधी एवढं नुकसान केलं नाही जेवढं उन्हाने केलं. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भर जुलैत, रणरणत्या उन्हात क्रॉस कंट्री घेतली. ३८ जण धावले, शेवटपर्यंत पोचले १५. फिनलंडचा पावो नुर्मी जिंकला खरा, पण बाकीच्यांची इतकी वाताहत झाली की त्यानंतर हा प्रकार ऑलिम्पिकमधून जो गेला तो गेलाच. उलट २४ मार्च २०१३ ला पोलंडच्या बिडगॉश्चमध्ये जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा बर्फावर झाली आणि व्यवस्थित पार पडली.

आता जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटना क्रॉस कंट्रीला हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आणायची मागणी करतेय, २०३० च्या फ्रेंच आल्प्समधल्या खेळांपासून. हिवाळी खेळांच्या संघटनांचा विरोध आहे, कारण ऑलिम्पिक सनदेप्रमाणे बर्फावर खेळले जातात तेच हिवाळी खेळ. माझं उत्तर सरळ आहे: बर्फावर धावा. शाळेच्या पार्कात काय आणि आल्प्समध्ये काय, बर्फात शर्यत घेता येते आणि घ्यायला हवी.

मुरूमवाट (नाशिक)

साहेब, तुमच्या पार्कातल्या शर्यतीबद्दल मी काही बोलणार नाही, ते तुम्ही बघा. पण ऑलिम्पिकच्या मुद्द्याला माझा ठाम विरोध आहे.

मी मुलांना पळायला शिकवतो. आमच्याकडे पोरं सुरगाणा, पेठ, हरसूल पट्ट्यातून येतात. पहिले काही महिने अनवाणी पळतात, मग कोणीतरी वापरलेले बूट देतं. हा खेळ आमच्या वाट्याला आला तो एकाच कारणाने: याला काही लागत नाही. ट्रॅक नको, हॉल नको, पाणी नको. माळ आणि पाय असले की झालं. सावरपाड्याची कविता राऊत अशीच घडली आणि राष्ट्रकुल व आशियाई स्पर्धांत १० हजार मीटरची पदकं घेऊन आली.

तुम्ही यात बर्फ घातलात की तो सुविधांचा खेळ झाला. सराव कुठे करायचा? मनालीला जायचं? तिथला राहण्याचा खर्च, गरम कपडे, वेगळे स्पाइक (खिळ्यांचे बूट), सगळं आलं. मग निवड होणार ती ज्यांना हे परवडतं त्यांचीच. गरिबांच्या ताटातला एक खेळ उचलून श्रीमंत देशांच्या ताटात टाकायचा, एवढाच याचा अर्थ निघतो.

सह्यधाव

मुरूमवाट सर, काळजी समजते. पण बिडगॉश्चचा निकाल बघा. पुरुषांत केनियाचा जाफेट कोरिर जिंकला, १९ वर्षांचा, त्या गटातला आजवरचा सगळ्यात लहान विजेता. महिलांत केनियाचीच एमिली चेबेट. ही मंडळी कुठे बर्फात वाढली होती? पाय आणि फुप्फुसं तयार असली की बर्फाशी जुळवून घेता येतं. जागतिक संघटना जे सांगते तेही हेच आहे, की हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आफ्रिका जवळपास दिसतच नाही, या एका शर्यतीने ती दिसेल. भारतालाही तेच लागू आहे.

मुरूमवाट

त्याच स्पर्धेचा सांघिक निकाल का सांगत नाही? पुरुषांत इथिओपिया पहिला, अमेरिका दुसरी, केनिया तिसरा. एरवी केनियाच्या पुढे अमेरिका नसते, हे या खेळातल्या माणसाला सांगायची गरज नाही. बर्फाने पारडं हललंच ना! एखादा कोरिर निघतो, पण संघातल्या पाचव्या-सहाव्या पोराचं काय होतं ते बघायला हवं. आमची पोरं तर कायम त्या पाचव्या-सहाव्या जागेसाठीच झगडत असतात.

डॉ. मीनल (टोरांटो)

मी वैद्यकीय बाजूने लिहिते, कारण दोघांच्याही बोलण्यात ती सुटतेय.

बर्फ पडला म्हणून रद्द, हा नियम चुकीचा आहे हे मान्य. पण बर्फ पडला तरी होणारच, हा नियम त्याहून वाईट. माणूस थंडीने गारठतो त्यात नुसत्या तापमानाचा वाटा कमी असतो. वारा आणि ओल जास्त मारतात. उणे आठला कोरडी हवा असेल तर पळणाऱ्याला फारसं काही होत नाही. अधिक दोनला पाऊस-बर्फ एकत्र आणि वर वारा असेल तर मला जास्त भीती वाटते. कपडे भिजले की अंगातली ऊब झपाट्याने निघून जाते.

चीनमधल्या गान्सूची शर्यत आठवा. २२ मे २०२१, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर. १०० किलोमीटरची डोंगरातली शर्यत, १७२ धावपटू. दुपारी अचानक गारा, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. बहुतेकांच्या अंगावर आखूड चड्डी आणि पातळ बनियन. २१ जण गेले, त्यात लिआंग जिंगसारखा देशातला नामवंत धावपटूही होता. सहा जण वाचले ते एका मेंढपाळाने त्यांना गुहेत नेऊन शेकोटी पेटवली म्हणून. आयोजकांकडून मदत पोचायला कितीतरी तास लागले.

तुम्ही म्हणाल ती अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहूनही लांब शर्यत होती, आमची पाच किलोमीटरची. बरोबर. पण मुलांचा प्रश्न पळताना येत नाही, तो शर्यत संपल्यावर येतो. पळताना अंग तापलेलं असतं. फिनिशला मुलगा थांबतो, घामाने चिंब असतो, मित्रांची वाट बघत उभा राहतो, आणि पंधरा मिनिटांत ओठ निळे पडतात. मी हे दर वर्षी बघते. कोच स्टॉपवॉच आणि निकालात गुंतलेले, आईवडील दोरीच्या पलीकडे, आणि स्वेटर पार स्टार्टला ठेवलेल्या बॅगेत!

आणखी एक. गार, कोरडी हवा जोरात ओढली की श्वासनलिका आकसतात. क्रॉस कंट्री स्कीइंगवाल्यांमध्ये दम्याचं प्रमाण जास्त आहे हे जुनं निरीक्षण आहे. म्हणून त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम आहे की मार्गावर कुठेही पारा उणे २० च्या खाली गेला तर शर्यत नाही. तेही प्रौढ, सरावलेल्या खेळाडूंसाठी. शाळकरी मुलांसाठी असा आकडा तुमच्या आयोजकांनी लिहून ठेवलाय का?

टेकडीवाला (पुणे)

माझा आक्षेप वेगळा आहे. बर्फावरची शर्यत न्याय्य राहत नाही. पहिल्या गटातली मुलं भुसभुशीत बर्फात पळतात, त्यांची शक्ती त्यात जाते. दुसऱ्या गटापर्यंत तो तुडवून घट्ट होतो, पळायला छान. तिसऱ्या गटापर्यंत वळणावळणावर काच झालेली असते. एकाच दिवशी, एकाच मार्गावर तीन वेगळ्या शर्यती. कोण किती तयार आहे हे यातून काय कळणार?

सह्यधाव

टेकडीवाला, चिखलातही हेच होतं आणि तिथे कोणी तक्रार करत नाही. क्रॉस कंट्रीत विश्वविक्रम नोंदवतच नाहीत, ते याचसाठी. दर मार्ग वेगळा, दर दिवस वेगळा. घड्याळाशी स्पर्धा ट्रॅकवर करायची. इथे शेजारच्या माणसाशी करायची आणि त्याच्याही पायाखाली तोच बर्फ असतो. गटागटांतली तुलना कोणी करतच नाही.

तयारीचं म्हणाल तर बर्फ फार कस लावतो. पाऊल लांब टाकलं की घसरलाच. ढांग आखूड, पाय कमरेच्या खाली पडला पाहिजे, उतारावर हात बाजूला. स्पाइकला १२ किंवा १५ मिलिमीटरचे खिळे. ओला बर्फ असेल तर तळव्याला गोळे चिकटतात, चालताना उंच टाचांचे बूट घातल्यासारखं होतं. म्हणून मुलं स्टार्टच्या आधी तळव्याला स्वयंपाकाचं तेल फवारतात. ज्याने हे सगळं शिकून घेतलंय तो पुढे येतो. हे कौशल्यच आहे, नशीब नाही.

डॉ. मीनल, तुमचा आकड्याचा प्रश्न रास्त आहे. लिहिलेला आकडा नाही. माझा राग त्यावरच आहे. आकडा नसतो म्हणून आयोजक खिडकीतून बघतात, सगळं पांढरं दिसलं की घाबरतात आणि रद्द करतात. उद्या बर्फ नसेल पण तुम्ही म्हणता तसा अधिक दोनचा ओला वारा असेल, तर हेच लोक बिनधास्त शर्यत घेतील.

फौजीकाका (सातारा)

पोरांनो, बर्फावर बरीच नोकरी केलीय म्हणून दोन शब्द.

अविनाश साबळेचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा, ५ महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला. २०१५ मध्ये सैन्याच्या क्रॉस कंट्रीत उतरला आणि तिथून स्टीपलचेसला, म्हणजे ट्रॅकवरच्या अडथळ्यांच्या शर्यतीला गेला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूला शेवटपर्यंत सोडलं नाही, रुपेरी पदक आणलं. सियाचीनमुळे पदक मिळालं असं मी म्हणत नाही. पण बीडच्या उन्हातला माणूस बर्फात तगतो, हे मुरूमवाट सरांनी ध्यानात घ्यावं.

तगतो, पण त्याला आधी तगायला शिकवतात. फौजेत वर पाठवायच्या आधी टप्प्याटप्प्याने उंचीची सवय लावतात. खाली उतरल्याशिवाय मोजे बदलायचे नाहीत असं कोणी करत नाही, ओला मोजा तिथल्या तिथे काढायचा. बोटं बधिर झाली की सांगायचं, लाजायचं नाही. शाळेच्या शर्यतीत हे कोण शिकवतं? मुलगा लाजतो, कोच विचारत नाही.

दुसरं, बर्फ दिवसभर एकसारखा नसतो. रात्री गोठलेला सकाळी दगडासारखा, अकराच्या सुमाराला वरचा थर ढिला होतो, दुपारी पाणी, संध्याकाळी परत काच. शर्यतीची वेळ यावरून ठरवा. सोयीची म्हणून सकाळी आठला ठेवाल तर घोटे मोडून घ्याल.

हिमवाट (ठाणे)

लाहौलमधल्या सिस्सूला मार्च २०२२ मध्ये स्नो मॅरेथॉन झाली, फेब्रुवारी २०२३ ला गोठलेल्या पॅंगाँग सरोवरावर २१ किलोमीटरची शर्यत झाली. म्हणजे भारतातही हे सुरू झालंय. सिस्सू अटल बोगद्यामुळे मनालीहून तास-दीड तासावर आलंय. सरावाला जागाच नाही, हे म्हणणं आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. शाळकरी मुलांना मात्र दहा हजार फुटांवर पळवू नये, या मताची मी आहे.

मुरूमवाट

हिमवाट ताई, तिथे जाणारे बहुतेक हौशी, पदरचे पैसे भरून जाणारे. त्यांना माझ्या शुभेच्छा. माझ्या पोरांच्या बापाची आठवड्याची मजुरी मनालीच्या एका दिवसात संपते.

फौजीकाका, साबळेचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. पण त्याच्यामागे फौज होती. खाणं, बूट, कोच, पगार. ते प्रत्येकाला द्या, मग बर्फावर काय, पाण्यावर पळवा.

आणि सह्यधाव, एक उत्तर द्या. बीजिंग २०२२ ला जवळपास सगळा बर्फ मशीनने तयार केलेला होता. म्हणजे सनदेत बर्फ हवा म्हणून मशीन लावून बर्फ पाडायचा, आणि त्यावर केनिया, युगांडा, भारताच्या पोरांना पळवायचं. त्यापेक्षा सनदेत एक ओळ बदला आणि हिवाळ्यातल्या माळरानावर, चिखलात शर्यत घ्या. क्रॉस कंट्री तीच राहील, आणि आमची पोरंही त्यात राहतील.

सह्यधाव

हा मुद्दा मला विचार करायला लावणारा आहे. मशीनच्या बर्फावर शर्यत घेण्याच्या बाजूने मी नाही. जिथे जसं आभाळ, तशी शर्यत. बर्फ पडला तर बर्फात, नाही पडला तर चिखलात. पण नैसर्गिक बर्फ पडलाच तर तो खरवडून काढून धावपटूंना हिरवी पट्टी देऊ नये, एवढं माझं म्हणणं कायम आहे.

मुलांच्या शर्यतीसाठी डॉक्टरांनी आणि काकांनी सांगितलेलं घेऊन आयोजकांना पत्र लिहितोय. वाऱ्यासह तापमानाची लेखी मर्यादा, पाऊस-बर्फ एकत्र असेल तर मर्यादा आणखी कडक, कोरडे कपडे स्टार्टला न ठेवता फिनिशला, आणि प्रत्येक मुलाची बोटं बघायला एक मोठा माणूस. सुरुवात अकराला.

डॉ. मीनल

त्यात एक घाला. मुलाला किंवा पालकांना आदल्या दिवशी कारण न देता नाव मागे घेता यावं, आणि त्याने संघातली जागा जाऊ नये. माझ्याकडे आलेल्या कित्येक मुलांना दमा होता आणि त्यांनी कोचला सांगितलंच नव्हतं.

सह्यधाव

घातलं.

मुरूमवाट

पत्र चांगलं आहे, पाठवा. ऑलिम्पिकच्या बर्फाला माझा विरोध आहे तसाच आहे.