इलिओस्टॉमी असताना पित्ताचे खडे?

मिरजेहून विचारतेय. आईला क्रोन्समुळे (आतड्याला सूज येणारा जुनाट आजार) इलिओस्टॉमी आहे, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलंय आणि मळ बाहेर लावलेल्या पिशवीत जमा होतो. लहान आतड्याचा शेवटचा भागही काढलाय. परवा भजी खाल्ली आणि रात्री उजव्या बरगडीखाली कळ, पार खांद्यापर्यंत. पिशवी मात्र नेहमीसारखी भरत होती. खडे असतील का?

— ताई, शक्यता आहे. पित्तक्षार, म्हणजे पित्तातले चरबी पचवायला मदत करणारे घटक, त्याच शेवटच्या भागात परत शोषले जातात. तो गेला की पित्ताचं मिश्रण बिघडतं, खडे होतात. माझेही सोनोग्राफीतच दिसले. उपाशीपोटी करा. पण आतडं अडकलेलं नाही ना, हे डॉक्टरांकडूनच बघून घ्या.

— थंडी-ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर सकाळची वाट बघू नका. खडे काढायचे ठरलं तर सर्जनना जुनी फाइल दाखवाच. आधीच्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटलेली असू शकतात.

— आभारी आहे. उद्या सांगलीत सोनोग्राफी. फाइल काढून ठेवलीय.