आईच्या फोनला होमचं खरं बटण का नसावं?

रानजाई (धागाकर्ती)

आई ७४ वर्षांची. जुना फोन पडून फुटला, म्हणून मागच्या महिन्यात नवा घेतला. जुन्याला खाली मधोमध होमचं बटण होतं. आई कुठल्याही पानावर अडकली तरी ते दाबायची, बोटाखाली खट् व्हायचं आणि पहिलं पान समोर यायचं. नव्यात खालच्या कडेवरून बोट वर सरकवायचं. मध्येच थांबलं तर उघडी ॲप्स दिसतात, बाजूच्या कडेवरून आत सरकवलं तर मागचं पान येतं. हे तीन प्रकार बोटाला वेगळे कळावेत असं त्या गुळगुळीत काचेवर काहीही नाही.

आईचे हात आयुष्यभर भाकऱ्या थापलेले, बोटांची टोकं कोरडी, भेगाळलेली. चारदा सरकवते तेव्हा एकदा लागतं. परवा म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय गं," आणि फोन उपडा ठेवून दिला. मला ते फार लागलं. तिचं काही चुकत नाहीये. आयफोन टेनने २०१७ मध्ये होमचं बटण काढलं, २०१९ मध्ये अँड्रॉइड १० ने सरकवण्याची पूर्ण पद्धत आणली. पडदा मोठा झाला हे मान्य. पण आवाजाची बटणं कडेला राहू शकतात, तर होमचं एक का नाही?

पाटावरवंटा

असहमत. तुमच्या आई व्हॉट्सॲपवर मराठीत लिहीत असतील, तर ते या काचेमुळेच. बटणांच्या फोनवर मराठी लिहिलंय का कधी? एकेका आकड्यावर चार-पाच अक्षरं कोंबलेली, हवं ते येईपर्यंत दाबत राहायचं. 'कृष्णा' लिहीपर्यंत अंगठा दुखायचा. काचेवर तीच जागा क्षणात देवनागरी होते, क्षणात आकडे. शिवाय बटण झिजतं. माझ्या आधीच्या फोनचं होम दोन वर्षांत बसलं, दुरुस्तीला पैसे मोजले. आणि सेटिंगमध्ये 'तीन बटणं' हा पर्याय बहुतेक अँड्रॉइड फोनांत अजून आहे. तो लावून द्या.

रानजाई

लिहिण्याबद्दल तुमचं पूर्ण पटलं, कीपॅड परत मागतच नाहीये. मागणी एकाच बटणाची आहे. तीन बटणांचा पर्याय लावते, पण तीही काचेवरचीच.

सायंतारा

मी जन्मापासून अंध आहे, म्हणून माझं मत थोडं वेगळं. जुन्या फोनवर ५ च्या बटणावरचा उंचवटा सापडला की बाकीचे आकडे आपोआप हाताला यायचे. पण फोन लावण्यापलीकडे काय? मेन्यू मुका. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वेगळं विकत घ्यायचं, तेही मोजक्याच फोनांवर चालायचं. २००९ मध्ये आयफोन थ्रीजीएसमध्ये व्हॉइसओव्हर आतच आलं, अँड्रॉइडला टॉकबॅक. काचेवर बोट फिरवलं की खाली काय आहे ते बोलतं, दोनदा टकटक केली की उघडतं. माझी बँक, माझं वाचन, सगळं या काचेवर चालतं. 'काच वाईट' असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही.

तरी एक सांगते. टॉकबॅक बंद पडलं तर चालू कसं करायचं? आवाजाची दोन्ही बटणं एकत्र दाबून धरायची. आयफोनवर बाजूचं बटण तीनदा. म्हणजे फोन मुका झाला की माझा हात खऱ्या बटणाकडेच जातो. रानजाईंच्या आईंची अडचण मला त्यामुळे नीट कळते.

घाटवाट

सायंतारांनी नेमकं धरलं. सरकारनेही २०१६ च्या पॅनिक बटणाच्या नियमात हेच केलं: साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा दाबण्याची सोय. घाबरलेला हात काचेवर शोधत बसू नये म्हणून.

गाड्यांचंही बघा. स्वीडनच्या 'वी बिलॅगारे' मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किमी वेगात एसी, रेडिओ वगैरे चार कामं करायला किती वेळ लागतो ते मोजलं. २००५ च्या बटणांच्या व्होल्व्होला १० सेकंद, पडदेवाल्या एका नव्या गाडीला ४४.९.

पाटावरवंटा

गाडीचं उदाहरण इथे लागू नाही. गाडीत नजर रस्त्यावर असते, फोन आपण बघूनच वापरतो.

घाटवाट

आपण बघतो. सायंतारा बघत नाहीत. आणि भेगाळलेल्या बोटाला दिसूनही काच दाद देत नाही.

पाटावरवंटा

हे मात्र खरं. मी बघणाऱ्या, मऊ बोटांच्या माणसाचाच विचार केला. रानजाई, काचेवर जाड संरक्षक काच चिकटवली असेल तर काढून बघा. काही फोनांत स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायची सोयही असते.

रानजाई

दोन्ही केलं, तीन बटणंही लावली. आईने अंगठा पदराच्या ओल्या टोकाला पुसला आणि दाबलं. पहिल्याच वेळी होम आलं. दुसऱ्या वेळी कोरड्या अंगठ्याने नाही आलं. आता फोनशेजारी ओलं फडकं ठेवलंय तिने.