शापोरा ठीक, पण चोर्ला घाट बघा

‘दिल चाहता है’ (2001) पुन्हा पाहून त्यातल्या गोव्याच्या शापोरा किल्ल्यावर जावंसं वाटलं म्हणता, जा की! पण किल्ल्यावर तटबंदी आणि वारा, बाकी काही नाही. मला परवा पाहिलेला, गोव्यातच घडणारा ‘फाइंडिंग फॅनी’ (2014) जास्त भावला. स्वतःचंच प्रेमपत्र 46 वर्षांनी न पोचताच परत आलेला नसीरुद्दीनचा पोस्टमन, आणि फॅनीच्या शोधात निघालेली ती खटारा गाडी! शेवट मात्र ओढूनताणून वाटला.

रविवारी आम्हीही निघालो, फोंड्याहून सांखळी-केरीमार्गे, गोव्याहून बेळगावला जाणाऱ्या रस्त्यावरच्या चोर्ला घाटात. धुकं असं, की बॉनेटच्या पुढचं दिसेना. मागच्या सीटवर आईचा ‘हळू रे बाबा’चा जप अखंड चालू. वर टपरीवर गरम भजी हातात आली तेव्हाच थांबला.