ऱ्हाईनवरची बोट : तुमचा अनुभव लिहा

जूनमध्ये आई-बाबा येताहेत. त्यांना ऱ्हाईनवर बोटीने फिरवायचं आहे, पण प्रकार इतके की डोकं गरगरलं. तासाभराची फेरी, दिवसाची, की बाझेल ते ॲमस्टरडॅम आठवड्याची क्रूझ? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा, फसलेले किस्से आधी. सुरुवात मीच करते. कोलोनला तासाभराची फेरी घेतली. कॅथेड्रल दिसलं, पूल दिसले, कॉफी संपली, फेरीही संपली.

*

कोलोनचं सोडा. रूडेसहाइमला चढा, सांक्ट गोआरला उतरा. दोनेक तास लागतात. बिंगेन-रूडेसहाइमपासून कोब्लेंझपर्यंतचं ६५ किलोमीटरचं खोरं २००२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि पोस्टकार्डांवरची ऱ्हाईन ती हीच. डावीकडच्या किल्ल्याचा फोटो काढेपर्यंत उजवीकडे दुसरा हजर. सासरे आधी प्रत्येकाचं नाव विचारत होते, तासाभराने म्हणाले, "आता नावं नकोत, नुसतं बघू दे." काउबपाशी मात्र उठून उभे राहिले. तिथे नदीच्या मधोमध बेटावर पांढराशुभ्र फाल्त्सग्राफेनश्टाइन किल्ला आहे, जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांकडून जकात घ्यायला बांधलेला. "म्हणजे टोलनाका!" सासऱ्यांनी निकाल लावला.

*

तिकीट काढताना दिशा बघा! आम्ही हौसेने कोब्लेंझला चढलो, म्हणजे प्रवाहाविरुद्ध. रूडेसहाइमपर्यंत सहा तास. प्रवाहाबरोबर तेच अंतर चारेक तासांत होतं. पाचव्या तासाला मुलं डेकवर भेंड्या खेळत होती आणि मी द्राक्षमळ्यांकडे पाठ करून झोपले होते. एकीकडून बोट आणि परत ट्रेन, हेच शहाणपणाचं. दोन्ही काठांनी रेल्वे आहे. डॉइचलँड-तिकीट (जर्मनीभर चालणारा महिन्याचा पास) बोटीवर चालत नाही, लोकल ट्रेनला चालतं. फक्त उतराल त्या काठावरूनच गाडी पकडा, कारण या पट्ट्यात नदीवर एकही पूल नाही, पलीकडे जायचं तर फेरीबोट.

*

लोरेलाय बघून नवरा म्हणाला, "हा तर नुसता खडक." खरंय, १३२ मीटर उंच खडक, बस. पण नदी तिथे अरुंद होऊन वळते, पूर्वी जहाजं आपटायची, म्हणून केस विंचरत खलाशांना भुलवणारी बाई गोष्टीत आली. स्पीकरवर तिचं गाणं लागलं आणि शेजारच्या दोन जर्मन आज्या केक बाजूला ठेवून शब्दन् शब्द म्हणू लागल्या. मला तो खडक त्यांच्यामुळे लक्षात आहे.

*

फसलेला किस्सा आमचा. बाझेल ते ॲमस्टरडॅम, ऑगस्ट २०२२. पाऊस नाही, काउबची मापपट्टी ४० सेंटिमीटरच्या खाली. (नदीत तेवढंच पाणी असं नव्हे, जहाजांच्या वाटेत त्याहून मीटरभर जास्त असतं. पण भरलेल्या जहाजाला तेही पुरत नाही.) मग सामान उचला, बसमध्ये बसा, पुढे दुसऱ्या जहाजावर चढा. क्रूझचे पैसे भरून एस.टी.चा प्रवास! बुकिंगच्या वेळी ही शक्यता तोंडी कुणी बोललं नव्हतं, अटींमध्ये बारीक अक्षरात होती. आणखी एक, धक्क्यावर जहाजं एकमेकांना खेटून लावतात. सकाळी पडदा सरकवला तर हातभर अंतरावर परके आजोबा दाढी करताहेत. त्यांनीच आधी हात हलवला.

*

शाकाहारी असाल तर आठवड्याच्या क्रूझला आधी कळवा. दिवसाच्या बोटीवर आमच्या वाट्याला फ्राइज आणि सॅलड. डबा न्या.

*

धागाकर्ती पुन्हा. रूडेसहाइम ते सांक्ट गोआर नक्की केलं. बाबांचा फोनवर एकच प्रश्न : मांडव्याच्या लाँचसारखी हलते का? आईला बोट लागते.

*

अहो, नदी आहे. कपातला चहा हिंदकळत नाही. मोठी मालवाहू बार्ज शेजारून गेली तरच जरा डुलते. आईंना जून असला तरी कानटोपी द्या, वरच्या डेकवर वारा भणाणतो.